मंठ्याच्या माळावर विनाकारण फिरण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

इंग्रज माणूस माळावर फिरायला जातो, भिजतो, घोट्यापर्यंत चिखलात रुततो, वाट चुकतो आणि घरी येऊन 'फार छान झालं' म्हणतो. या सवयीमागे मोठी परंपरा आहे. एमिली ब्राँटीने १८४७ साली यॉर्कशायरच्या माळावर 'वदरिंग हाइट्स' घडवली. कॉनन डॉइलने १९०२ साली पुस्तकरूपाने आलेल्या 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स'मध्ये डार्टमूरच्या धुक्यात एक भयंकर कुत्रा सोडला. जालना जिल्ह्यातल्या मंठा तालुक्यात यातलं सगळं साहित्य हजर आहे. माळ आहे, वारा आहे, मेंढरं आहेत, कुत्री तर आखाड्या-आखाड्यावर आहेत. उणीव एकच: विनाकारण फिरणारा माणूस. ती भरून निघावी या हेतूने इच्छुकांसाठी पुढील सूचना दिल्या आहेत.

१. जागेची निवड

निसर्ग शोधण्यासाठी नकाशा लागत नाही, सातबारा लागतो. लागवडीखालचं क्षेत्र सोडून द्यावं. तिथे कापूस, सोयाबीन, तूर आणि मालक असतो. जिथे 'पोटखराबा' लिहिलं आहे किंवा जी जमीन गायरान म्हणून लागली आहे, तिथे निसर्ग असण्याचा संभव जास्त. खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. हा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी निवलेला लाव्हा. डार्टमूरचा ग्रॅनाइट याहून कितीतरी जुना आहे, पण तेवढ्यावरून न्यूनगंड बाळगण्याचं कारण नाही.

उत्तरेला लोणार जवळ आहे. उल्केने बेसॉल्टमध्ये पाडलेलं १.८ किलोमीटर व्यासाचं ते विवर जगप्रसिद्ध आहे आणि २०२० साली पाणथळ जागांच्या रामसर यादीतही गेलं. तरीही या मार्गदर्शिकेत त्याला जागा नाही. लोणारला माणूस 'बघायला' जातो. बघायला जाणं हे काम झालं. आपला विषय बिनकामाचा आहे.

२. हंगाम

डार्टमूरच्या उंच भागात वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यामुळे तिथे हवा सुधारण्याची वाट पाहत बसलं तर आयुष्य घरात जातं. आपल्याकडे वाट पाहणं हाच हवामानाचा मुख्य भाग आहे. वैशाखात पारा बेचाळिसावर असतो. तेव्हा फिरणाऱ्याला निसर्गप्रेमी म्हणत नाहीत, लिंबाखाली झोपवून कांदा हुंगवतात. मृग बरसला की माळ चालण्यालायक होतो, पण माळापर्यंत पोहोचायला मध्ये काळी रानं आहेत. त्या मातीत शंभर पावलं टाकली की चपलेला पाटा-वरवंट्याचं वजन येतं. दिवाळीनंतर कुसळ पिकतं, त्याचा विचार पुढे येईल. थोडक्यात, पोळ्यापासून दसऱ्यापर्यंतचा काळ उत्तम. गवत हिरवं असतं, तरवड पिवळा फुललेला असतो, आणि लोक फवारणीत गुंतलेले असल्यामुळे चौकशाही जरा कमी होतात.

३. पोशाख

विलायती पुस्तकं जाड पायमोजे सुचवतात. हा सल्ला कुसळ न पाहिलेल्या माणसाचा आहे. कुसळाच्या बीला मागे लांब शेपूट असतं. ते दमट हवेत उलगडतं, कोरड्या हवेत पीळ खातं आणि बी गिरमिटासारखं जमिनीत शिरतं. पायमोजा आणि जमीन यांत कुसळ भेद करत नाही. तेव्हा पायमोजे घालू नयेत. जाड तळाची चप्पल घालावी, म्हणजे सराटा आणि बाभळीचा काटा तळातच राहतो. डोक्याला रुमाल बांधावा. ट्रॅकसूट मात्र कटाक्षाने टाळावा, कारण त्यामुळे पुढच्या कलमातला प्रसंग अधिक गंभीर होतो.

४. जाब-जबाब

माळावर सर्वांत अवघड चढ नसतो, सर्वांत अवघड माणूस असतो. गावापासून थोडं दूर गेलात की मागून मोटारसायकल येऊन थांबेल.

"काय सर, गाडी पंक्चर झाली का?"

"नाही, सहज फिरतोय."

"बसा, सोडतो फाट्यावर."

"नको, फिरायचंच आहे."

इथे शांतता पसरते. मग आवाज खाली आणून काळजीने विचारलं जातं, "शुगर निघाली का?"

चालण्याला गावात मान्य असलेली कारणं तीनच: शुगर, देवदर्शन आणि वारी. शेगाव-पंढरपूर दिंडी मार्ग मंठ्यातूनच गेलेला आहे, त्यामुळे चालणाऱ्या माणसाचं तालुक्याला नवल नाही. पण त्याला पोहोचायला पंढरपूर लागतं. माळावर जाऊन परत येणारा माणूस हिशेबात बसत नाही. नवशिक्यांनी शुगर कबूल करावी. दुष्परिणाम एवढाच की संध्याकाळपर्यंत बातमी सगळीकडे पोहोचते आणि पुढच्या लग्नात पंगतीत तुमच्या ताटापाशी आलेली जिलेबी आदरपूर्वक पुढे सरकते.

हातात काय धरावं, यावरही बरंच अवलंबून आहे. वही असेल तर तुम्ही मोजणीचे. जालना-नांदेड द्रुतगती महामार्गाची चर्चा सुरू झाल्यापासून वहीवाल्याला पाणी आधी आणि "मावेजा किती बसंल?" हा प्रश्न नंतर विचारतात. मोबाईलने फुलाचा फोटो काढलात तर तुम्ही पीकविम्याचे. मग तुम्हाला दोन बांध ओलांडून सोयाबीनमध्ये नेलं जाईल, पिवळी पडलेली पानं दाखवली जातील आणि नीट फोटो काढायला लावतील. दुर्बीण घेऊन पूर्णेच्या पात्राकडे गेलात तर तुम्ही महसूलच्या पथकातले. पाणपक्षी दिसण्याआधी वाळूचे हायवा दिसेनासे होतील. सर्वांत निर्धोक वस्तू म्हणजे रिकामी पिशवी. ती असली की माणूस कशाला तरी निघाला आहे, यावर सर्वांचं समाधान होतं.

५. निसर्गनिरीक्षण

प्रथम टिटवी. ती जमिनीवरच अंडी घालते आणि तुम्ही पन्नास पावलांवर आलात की आकांत मांडून तुम्हाला भलत्याच दिशेला नेते. तिची एक तुरेवाली बहीण इंग्लंडच्या माळावरही हेच करते. चंडोल गात गात उभा वर चढतो, तो पाहायला मान मागे टाकावी लागते. टाकण्याआधी पायाखाली पाहून घ्यावं. तितर दिसण्यापेक्षा ऐकू जास्त येतो. नशीब असेल तर खोकड दिसेल.

हरणं आणि रोही दिसले तर आनंद मनातल्या मनात साजरा करावा. शेजारी उभा असलेला माणूस रात्रभर त्यांना हाकलून नुकताच घरी निघालेला असू शकतो. शेताभोवती बांधलेल्या जुन्या रंगीबेरंगी साड्या ही सजावट नव्हे, त्याच जनावरांसाठी केलेली तटबंदी आहे. तारेवर 'टिक् टिक्' असा आवाज येत असेल तर तो किडा नसून झटका मशीन आहे. हात लावून खात्री करू नये.

माळाची खरी माहिती धनगराला असते. कुठलं गवत मेंढी खाते, कुठे पाणी टिकतं, लांडगा कोणत्या वगळीतून येतो, हे त्याला विचारावं. तो फिरायला आलेला नसतो, मेंढ्या घेऊन आलेला असतो. उद्या कुणाच्या तरी रानात खतासाठी त्या बसवायच्या असतात. इंग्रजी माळ तरी कुठे आपोआप झाला? तोही मेंढ्यांनी चरून आणि माणसांनी जाळून टिकवलेला आहे. १२ ऑगस्टला सुरू होणाऱ्या ग्राउस पक्ष्याच्या शिकारीसाठी तिथले जमीनदार झुडपं पट्ट्यापट्ट्याने जाळतात, म्हणजे कोवळे कोंब फुटतात. आपल्याकडे नवं गवत फुटावं म्हणून माळ पेटवतात. तिथे त्याला व्यवस्थापन म्हणतात, इथे 'कुणी पेटवलं रे' म्हणतात.

६. धोके

संपूर्ण ब्रिटनमध्ये विषारी साप एकच, ॲडर. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं अशी निवड उपलब्ध आहे. दगड उलटून निसर्ग पाहू नये. गोचीड दोन्हीकडे समान आहे, त्याबाबत अभिमान बाळगण्यासारखं काही नाही. आखाड्यावरचं कुत्रं धावून आलं तर पळू नये. मालकाला मोठ्याने हाक मारावी. मालकाचं नाव माहीत नसेल तर 'मामा' चालतं.

७. शिदोरी

भाकरी, ठेचा, कांदा. पाणी दुप्पट.

८. हक्क आणि कर्तव्य

इंग्रजांना माळ फुकट मिळाला नाही. २४ एप्रिल १९३२ रोजी चारेकशे माणसं बंदी मोडून किंडर स्काउट नावाच्या माळावर चढली, त्यांतले पाच तुरुंगात गेले, आणि माळावर मोकळेपणी हिंडण्याचा कायदा व्हायला २००० साल उजाडलं. मंठ्यात तुम्हाला कुणी अडवत नाही. अडवावं इतकं कुणी येतच नाही.

पण म्हणून निश्चिंत राहू नये. गायरान एका बाजूने अतिक्रमणाने आणि दुसऱ्या बाजूने सौर कृषी वाहिनी योजनेच्या पॅनेलनी भरत चाललं आहे. गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सांगितलं. माळाने तो निकाल अजून वाचलेला नाही. माळाकडे जाणारी गाडीवाट दर नांगरटीला दोन तासांनी अरुंद होते, आणि एखाद्या वर्षी तिथे वाट होती हे फक्त म्हाताऱ्यांना आठवतं. जमीन महसूल अधिनियमाचं कलम १४३ बांधावरून वाट देतं, पण शेतमालकाला. फिरस्त्याची त्यात सोय नाही.

तरीही फिरस्ता अगदीच निरुपयोगी नाही. वहिवाटीची वाट कुणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली शेतकऱ्याला तहसीलदाराकडे दाद मागता येते, मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. तिथे पहिला प्रश्न येतो की या वाटेने जात कोण होतं? ज्याचं त्या रानात शेत नाही, बांध नाही, भाऊबंदकी नाही, जो निव्वळ पाय मोकळे करायला येतो, त्याच्याइतका तटस्थ साक्षीदार तालुक्यात सापडणं कठीण.

तेव्हा दसऱ्याच्या सुमारास एक फेरी, होळीच्या आसपास दुसरी आणि मृगाच्या तोंडावर तिसरी, अशा वर्षाला निदान तीन फेऱ्या कराव्यात, म्हणजे मुदत हुकत नाही. काय करतोय ते बांधाच्या मालकाला सांगू नये. सांगितलं तर तो उद्याच नांगर घालील. परतताना फाट्यावर चहा घ्यावा आणि तो चारचौघांदेखत घ्यावा. साक्षीदारालाही साक्षीदार लागतो.