नानांचं पासिंग

इंग्लंडमध्ये जमिनीवरचं घर घ्यायचं तर बँकेच्या पाया पडावं लागतं आणि चाकांवरचं घेतलं तर दरवर्षी एमओटीवाल्याच्या, म्हणजे गाडीची सक्तीची तपासणी करणाऱ्याच्या. लेस्टरला आमच्या गल्लीत राहणाऱ्या नानांनी बँकेचा शेवटचा हप्ता कधीच भरून टाकलाय. एमओटीतून मात्र त्यांची सुटका नाही. तशी ती त्यांना नकोच आहे.

मोटारहोम बाळगणाऱ्यांत एक जात असते फिरणाऱ्यांची. ही मंडळी शुक्रवारी संध्याकाळी निघतात, वेल्समध्ये कुठेतरी समुद्राकडे तोंड करून गाडी लावतात, चहा पितात, भिजतात आणि रविवारी परत येतात. गाडीत काही खडखडलं तर रेडिओचा आवाज वाढवतात. नाना या जातीतले नव्हेत. शाळेत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाल्यावर सगळं ब्रिटन पालथं घालायचं म्हणून त्यांनी ही सात मीटर लांबीची, 2006 सालची गाडी घेतली. गाडीतल्या फ्रिजवर ‘नॉर्थ कोस्ट 500’चा नकाशा लावलाय. इन्व्हरनेसहून निघायचं, स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला वळसा घालून पुन्हा इन्व्हरनेसला यायचं, 516 मैल. नकाशाचे कोपरे पिवळे पडले, गाडी अजून लेस्टरातच आहे. कारण एवढ्या लांबच्या प्रवासाला गाडी शंभर टक्के तयार लागते, आणि ती तशी असते फक्त एमओटीच्या दिवशी सकाळी. दुसऱ्या दिवसापासून तिची पुन्हा झीज सुरू.

नाना एमओटीला ‘पासिंग’ म्हणतात. त्यांच्या वडिलांचा टेम्पो होता, कोल्हापूरहून गूळ न्यायचा. पासिंगच्या आदल्या रात्री सगळं घर जागं असायचं. चेसिसला काळा रंग फासायचा, शेजाऱ्याचे बरे टायर एका दिवसाच्या बोलीवर चढवायचे, हॉर्नला नवी वायर लावायची. सकाळी एजंट यायचा आणि बाकीचं तो बघायचा. “इथे सगळं आहे हो,” नाना सांगतात, “पण एजंट नाही. माणसाने उभं कुणाच्या भरवशावर राहायचं?”

इथली पद्धत सरळ आहे. 1960 साली वाहतूकमंत्री अर्नेस्ट मार्पल्स यांनी ही तपासणी आणली, ती दहा वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी. ब्रेक, दिवे, स्टिअरिंग, बस. एवढ्यातही इतक्या गाड्या आपटल्या की वयाची अट खाली आणावी लागली आणि 1967 मध्ये ती तीन वर्षांवर आली. मोटारहोमला साध्या मोटारीचीच तपासणी लागते आणि फीही तीच, जास्तीत जास्त 54.85 पौंड. नाना याला ‘पंचावन्नला बाटाची किंमत’ म्हणतात. ही फी वसूल व्हावी म्हणून ते आधीच्या दोन महिन्यांत सहाशे पौंडांचे सुटे भाग आणतात.

चाळीस वर्षं झालेल्या गाडीला एमओटीतून सूट मिळते. नानांनी हिशेब करून ठेवलाय. गाडी 2046 मध्ये सुटेल, तेव्हा नाना त्र्याण्णव वर्षांचे असतील. त्यांना स्वतःला तशी सूट नाही. सत्तरीनंतर दर तीन वर्षांनी लायसन्सचं नूतनीकरण असतं आणि साडेतीन टनांवरची गाडी चालवायची असेल तर डॉक्टरी तपासणीही. “गाडीचं दर वर्षाला, यांचं दर तीन वर्षांनी,” नानांची बायको, म्हणजे आमच्या काकू, म्हणतात. “दोन्ही पास होतात. कशी ते विचारू नका.”

नानांच्या हाती खरं कोलीत दिलं ते सरकारने. इथे कुठल्याही गाडीचा नंबर टाकला की तिचा 2005 पासूनचा एमओटीचा इतिहास मोबाइलवर दिसतो. कधी पास, कधी नापास, का नापास, किती मैल झाले, सगळं. तेही फुकट. साध्या माणसाला हे जुनी गाडी घेताना एकदा लागतं. नानांना रोज लागतं. गल्लीत कोण कसा आहे हे ते माणसाकडे बघून सांगत नाहीत. समोरचा वकील दोनदा नंबरप्लेटच्या बल्बवर नापास झालाय, म्हणजे बारीक गोष्टीत गचाळ. कोपऱ्यावरच्या आजीबाईंची छोटी लाल मोटार अकरा वर्षांत एकदाही अडकली नाही. त्या बाईंना नाना रस्त्यात थांबून नमस्कार करतात, आणि आपण नक्की काय केलंय हे त्या बाईंना अजून कळलेलं नाही.

काकूंच्या भाचीला स्थळ आलं तेव्हा नाना पडद्याआड उभे होते. पाहुण्यांची गाडी लागली, नंबर टिपला, आणि आत पोह्यांना फोडणी पडेपर्यंत मुलाची कुंडली तयार. “मुलगा हुशार आहे, पण 2021 मध्ये टेस्टरने सांगितलं की पुढचे ब्रेक पॅड झिजत आलेत. 2022 मध्ये पुन्हा सांगितलं. 2023 मध्ये नापास झाल्यावर याने बदलले. हा माणूस गळ्याशी आल्याशिवाय हलायचा नाही.” लग्न झालं, ते उत्तम चाललंय. मागच्या वर्षी त्या मुलाने तीन दिवस पोटदुखी अंगावर काढली आणि शेवटी अपेंडिक्सचं ऑपरेशन मध्यरात्री करावं लागलं. नाना हॉस्पिटलात फळं घेऊन गेले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, “ब्रेक पॅड.”

टेस्टरने सांगितलेल्या या गोष्टींना इथे ‘अ‍ॅडव्हायझरी’ म्हणतात. गाडी पास असते, पण इकडे लक्ष ठेवा असा कागदावर शेरा असतो. 2018 पासून दोषांच्याही पायऱ्या झाल्या. धोकादायक आणि मोठा दोष असेल तर नापास, किरकोळ असेल तर पास पण लगेच दुरुस्त करा, आणि सगळ्यांत खाली ही अ‍ॅडव्हायझरी. बहुतेक लोक तो कागद घडी घालून गाडीच्या कप्प्यात टाकतात. नाना त्याला प्लास्टिकचं कव्हर घालतात.

फेब्रुवारी लागला की नाना गाडीखाली जातात. त्यांचे पाय तेवढे बाहेर दिसतात आणि अधूनमधून एक हात येऊन टॉर्च मागतो. मोटारहोमचं दुखणं वेगळं असतं हे मला त्या पायांनीच शिकवलं. रोजची गाडी पळून झिजते, ही उभी राहून. हँडब्रेक ओढून हिवाळाभर उभी केली की मागचे ब्रेक जागच्या जागी धरतात. डिस्कवर गंज चढतो, बॅटरी बसते, सस्पेन्शनचे रबरी बुश तडकतात, वायपरचं रबर कडक होऊन काचेवर नुसतं कण्हतं. टायरचं तर विचारूच नका. नानांनी मला एकदा गुडघ्यावर बसवून टायरच्या कडेवरचे चार आकडे बोटाने वाचायला लावले: 2316. म्हणजे 2016 सालचा तेविसावा आठवडा. वरची नक्षी अशी की काल दुकानातून आणलाय. कायद्याला 1.6 मिलिमीटर पुरतं, इथे त्याच्या चौपट होती. मग नानांनी टॉर्च तिरका धरला. कडेला आरपार बारीक रेघा, उन्हाळ्यातल्या टाचेसारख्या. “नक्षी बघून भुलू नकोस,” नाना म्हणाले. “मोटारहोमचा टायर झिजून मरत नाही, म्हातारा होऊन मरतो.” शाळेतल्या मुलांना हे गृहस्थ का आवडायचे ते तेव्हा कळलं. का घाबरायची तेही.

पासिंगच्या दिवशी काकू गाडीपुढे नारळ फोडतात. पूर्वी काचेच्या आत लिंबू-मिरचीही असायची. टेस्टरने पहिल्याच वर्षी सांगितलं की वायपर फिरतो त्या भागात ड्रायव्हरच्या नजरेआड येईल असं काही लटकवू नका. काकूंनी ती बंपरला बांधली, तर नंबरप्लेटचं एक अक्षर झाकलं. तो दोष निराळा. शेवटी लिंबू-मिरची गॅसच्या बाटलीच्या कप्प्यात गेली. तिथे टेस्टर बघत नाही.

गाडी तीन मीटर उंच, त्यामुळे जवळच्या गॅरेजच्या दारातून ती जात नाही. शहराबाहेर औद्योगिक वसाहतीत जावं लागतं, तिथे एक पोलिश टेस्टर आहे. अबोल माणूस. त्याच्या हातात टॉर्च आणि नानांच्या हातात टॉर्च, असे दोघं गाडीभोवती फिरतात. तपासणी सुरू झाली की ग्राहकाने काचेपलीकडच्या खोलीत बसायचं असतं. नाना बसत नाहीत, काचेला नाक लावून उभे राहतात. मागची चाकं रोलरवर चढतात, आकडा उमटतो. हँडब्रेकला किमान 16 टक्के पुरतात हे कळलं त्या दिवशी नाना व्यथित झाले होते. “सोळा? अरे, आमच्या बोर्डातसुद्धा पस्तीस लागायचे!” त्यांचा हँडब्रेक तिशीच्या घरात असतो आणि तरी ते खाली मान घालून बाहेर येतात.

गेल्या वर्षी आक्रीत घडलं. ब्रेक, बुश, दिवे, सीटबेल्ट, धूर, सगळं चोख. मग टेस्टरने काच धुण्याचं बटण दाबलं आणि पाणी आलं नाही. हिवाळ्यात गोठून काही फुटू नये म्हणून नानांनी नोव्हेंबरमध्येच गाडीतलं सगळं पाणी काढलं होतं. टाकी, बॉयलर, नळ्या. आणि नाना ते नाना, काच धुण्याची बाटलीही ओतून, पुसून, कोरडी करून ठेवलेली. नियमाप्रमाणे दोष मोठा. टेस्टरने तिथल्या तिथे बाटली भरली आणि तासाच्या आत गाडी पास केली, पण नोंदीत दोन्ही ओळी पडल्या, आधी नापास, मग पास. आता जगातला कोणीही माणूस नंबर टाकून वाचू शकतो की नानांच्या गाडीत पाणी नव्हतं. नाना दोन दिवस जेवले नाहीत, असं काकू सांगतात. मी विचारलं तेव्हा पुस्ती जोडली, “भात नाही जेवले. पोळ्या खाल्ल्या.”

खरी गंमत अशी की एमओटी असते ती गाडीची. घराची नसते. टेस्टर मागे येतो, सीटबेल्ट ओढून बघतो आणि उतरतो. छत गळतंय का, गॅसची नळी जुनी झालीय का, फ्रिजच्या धुराड्यात कोळ्याने जाळं केलंय का, याच्याशी त्याला घेणं-देणं नाही. त्यासाठी वेगळी तपासणी असते आणि ती सक्तीची नाही. नानांच्या लेखी जी सक्तीची नाही ती तपासणीच नव्हे. आणि मोटारहोम मरते ती बहुधा वरूनच. छताच्या खिडकीभोवतीचं सीलंट वाळतं, पाणी पत्र्याआडच्या लाकडी सांगाड्यात शिरतं, आतल्या आत वाट काढत भलतीकडेच उतरतं आणि बाहेर डाग दिसेपर्यंत आतलं लाकूड बिस्किटासारखं झालेलं असतं. नाना बारा महिने गाडीच्या खाली असतात, ही भानगड त्यांच्या डोक्यावर चाललेली.

ती पकडली काकूंनी. गाडीत वरच्या बाजूला दोन कपाटं आहेत. काकू दोन्हींत चिवड्याचे डबे ठेवतात, कारण गाडी प्रवासाला नेली नाही तरी नाना तिच्यात बसून चहा पितात. “डाव्या कपाटातला चिवडा सादळतो,” काकू म्हणाल्या.

“अगं, लेस्टरची हवाच दमट,” नाना गाडीखालून म्हणाले.

“मग उजव्या कपाटाला काय नागपूरची हवा लागते?”

नानांनी ओल मोजायचं दोन सुयांचं यंत्र आणलं. 15 टक्क्यांपर्यंत ठीक, 20 च्या पुढे काळजी. उजवीकडे 12 आलं, डावीकडे 24. नानांनी यंत्र पुसून डबीत ठेवलं आणि म्हणाले, “पासिंगमध्ये हे धरत नाहीत.”

यंदा काकूंनी गाडी विकायचं ठरवलं आणि जाहिरातही त्यांनीच दिली. रेडिंगहून एक तरुण जोडपं आलं, दोघंही आयटीतली, मूळची पुण्याची. नानांनी त्यांना आत बसवलं आणि फाइल काढली. साल, तारीख, दोष, उपाय. मुलगा विचारत होता चार्जिंगचे सॉकेट किती, नाना सांगत होते मागच्या उजव्या बुशबद्दल. मी सोबतीला होतो. पोरगी मात्र चौकस. तिने ओटा बघितला, पलंगावर बसून बघितलं, वरचं कपाट उघडलं, डबा दिसला. “काकू, घेऊ का?”

“घे की,” काकू बाहेरून म्हणाल्या. कुठल्या कपाटातला डबा ते त्यांना दिसत नव्हतं.

मुलीने मूठभर तोंडात टाकला, थोडा चावला आणि थांबली. मग छताकडे बघितलं. मग हात वर करून कपाटाच्या कोपऱ्यात अंगठ्याने दाबलं. लाकूड दबलं. ती नवऱ्याशी दोन मिनिटं इंग्रजीत कुजबुजली आणि तो घसा साफ करून म्हणाला, “काका, आत ओल आहे. आम्ही दोन हजार कमी देऊ.”

काकूंचा चेहरा पडला. नाना मात्र फाइल मिटून सावकाश उठले, खिशातून मोबाइल काढला, चष्मा कपाळावरून नाकावर आणला.

“दोन हजारांचं नंतर बोलू,” ते म्हणाले. “आधी हे सांग, बाहेर उभ्या असलेल्या तुझ्या गाडीच्या मागच्या डाव्या टायरबद्दल टेस्टर सलग दोन वर्षं लिहितोय. त्याचं काय केलंस?”