सोलापूरचा कानसेन

कानसेन हा पंचेचाळीस ते साठ या वयोगटातला, बहुधा चष्मा लावणारा आणि निवृत्तीचे बेत आखणारा गृहस्थ असतो. त्याची वस्ती जुळे सोलापूर, होटगी रोड किंवा विजापूर रोडलगतच्या कॉलन्यांमध्ये आढळते. उपजीविका बँकेत, कॉलेजात किंवा सुताच्या व्यापारात. तो गात नाही, वाजवत नाही, ऐकतो. भीमसेन जोशींना तो ‘अण्णा’ म्हणतो, कुमार गंधर्वांना नुसते ‘कुमार’ म्हणतो, आणि दोघांपैकी कोणाशीही त्याची कधी ओळख झालेली नसते. शेजाऱ्याशी मात्र तो बारा वर्षांनंतरही अहोजाहो करतो.

कानात बोंडे खुपसून दुचाकी चालवणारा तरुण आणि मोटारीच्या डिकीत स्पीकर बसवणारा हौशी हे दोघे कानसेनाचे दूरचे नातेवाईक होत. तो त्यांना ओळख देत नाही. त्याचे ऐकणे बसून असते. तासाभराचा एक राग, मग त्याच रागाची दुसऱ्या कोणाची तरी मैफल, मग दोन्हींची तुलना, अशी एक बैठक सहज तीन तासांवर जाते.

कानसेनाच्या आयुष्याचे दोन कालखंड पडतात. पहिला आवाजाचा. या काळात त्याला तंबोऱ्याच्या चारही तारा सुट्या ऐकायच्या असतात. तो ओहम, हर्ट्झ आणि डेसिबलमध्ये बोलतो. सेनहायझरच्या एचडी ६०० या हेडफोनला ३०० ओहमचा अवरोध असल्यामुळे तो मोबाइलवर नीट वाजत नाही आणि वेगळा ॲम्प्लिफायर लागतो, हे तो पार्क चौकात चहा पिताना कोणी विचारले नसताही सांगतो. मित्राची प्रतिक्रिया ठरलेली असते : ‘‘काय बे, कानाला लावायचं तीस हजाराचं, आणि वर त्याला डबा पण वेगळा?’’

दुसरा कालखंड पहिल्या महागड्या खरेदीनंतर साधारण पाऊण तासाने सुरू होतो. पहिली वीस मिनिटे कान ऐकतो. मग कानाची कड गरम होते, चष्म्याची काडी कानशिलात रुतते, टाळूवर एक ठणकणारा बिंदू उमटतो आणि विलंबित ख्याल द्रुतात जाण्यापूर्वीच ऐकणारा हेडफोन काढून कान चोळू लागतो. आवाजाला पैसे मोजले तरी बैठक गादीच्या जिवावर चालते, हा साक्षात्कार इथे होतो. यापुढे तो खरा कानसेन.

या अवस्थेत निवडीचे निकष क्रमाने बदलतात. पहिला निकष वजन. एचडी ६०० चे वजन २६० ग्रॅम, म्हणजे पाव किलो शेंगाचटणीची पुडी डोक्यावर ठेवून बसल्यासारखे. हे बहुतेकांना झेपते. ॲपलचा एअरपॉड्स मॅक्स ३८५ ग्रॅमच्या आसपास भरतो. ऑडिझीचा एलसीडी-एक्स सहाशे ग्रॅमच्या पुढे जातो; त्यातली पडदी सपाट असते, तिला भक्कम चुंबक लागतात, आणि त्या लोखंडाचा हिशेब शेवटी मानेला द्यावा लागतो. मात्र निव्वळ आकडा पुरेसा नसतो. वजन टाळूवर कसे वाटले जाते, हे महत्त्वाचे. अरुंद पट्टी सगळा भार एका बिंदूवर देते, तर रुंद, सैल लोंबती पट्टी तो पसरवते. टक्कल असलेल्या कानसेनाला हा फरक आधी कळतो. केस राखलेल्याला पटवून द्यावा लागतो.

दुसरा निकष पकडीचा. पकड सैल असेल तर मान वाकवताच हेडफोन घसरतो आणि गादी कानाभोवती नीट न बसल्याने खर्जाचा स्वर निसटतो. घट्ट असेल तर जबडा अवघडतो. नवा एचडी ६०० डोके चांगलेच आवळतो. त्यावर रूढ उपाय म्हणजे तो डोक्याहून किंचित रुंद वस्तूवर रात्रभर ताणून ठेवणे. सोलापुरात यासाठी दिवाळी अंकांचा गठ्ठा वापरतात. सकाळी पकड सैलावलेली असते, अंक मात्र अजूनही न वाचलेले असतात.

तिसरा निकष गादीच्या पोटातल्या जागेचा. कानाची पाळी आतल्या जाळीला टेकली की अर्ध्या तासात दुखू लागते, म्हणून भोक रुंद आणि खोल हवे. कानसेन येथे आरशासमोर उभा राहून पट्टीने स्वतःचा कान मोजतो. हे माप कुटुंबात इतर कोणालाही माहीत नसते व हवेही नसते.

चौथा निकष गादीच्या कापडाचा, आणि येथे सोलापूरकर इतर शहरांतल्या कानसेनांच्या पुढे जातो. ज्या गावाने चादर आणि टेरी टॉवेल यांवर नाव कमावले, तिथला माणूस कापड डोळ्यांनी पाहत नाही. तो गादी अंगठा आणि तर्जनीत धरतो, एकदा उलट्या दिशेने चोळतो, मग नख लावून पाहतो आणि मान हलवतो. रेक्झिनची गादी बाहेरचा आवाज अडवते, खर्ज राखते. पण घाम शोषत नाही, आणि उष्णतेने व घामाने दोन-तीन वर्षांत तिचे पापुद्रे सुटून काळे कण कानाला चिकटतात. मखमली गादी हवा खेळू देते, घाम पिते, मऊ राहते. तिला धूळ आणि केस चिकटतात, आणि खर्ज थोडा सुटतो. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो बंद पाठीचा असूनही मखमली गादी लावून येतो, म्हणून या वर्गात त्याला मान आहे. काही मंडळी शिंप्याकडून टेरी टॉवेलच्या कापडाची खोळ शिवून घेतात. शिंपी ती लहान मुलाची टोपी समजून नाडी लावून देतो.

यानंतर येतो सर्वांत अवघड पेच : हेडफोनची पाठ उघडी की बंद. सेनहायझरने १९६८ साली एचडी ४१४ हा उघड्या पाठीचा हेडफोन बाजारात आणला, तेव्हापासून हा वाद चालू आहे. उघड्या पाठीतून हवा वाहते, कान तापत नाही, गायक डोक्यात न बसता समोर बसल्यासारखा वाटतो. पण सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळीसच्या पुढे जातो आणि पंखा पाचावर ठेवावा लागतो. उघड्या पाठीतून पंख्याची घरघर थेट आत येते आणि तंबोऱ्याच्या षड्जाशी भांडते. बंद पाठ घेतली तर पंखा बाहेर राहतो, पण घाम आत राहतो. कानसेन यावर वर्षाचे वेळापत्रक आखतो : हिवाळ्यात बंद, उन्हाळ्यात पहाटे उघडी, आणि भर दुपारी संगीतविषयक वाचन.

पूर्व भागात, यंत्रमागांच्या शेजारी राहणाऱ्यासाठी हा पेच आपोआप सुटतो. उघड्या पाठीचा विचारही तिथे करता येत नाही. त्याला गोंगाट मारणारा हेडफोन सुचवला जातो. या तंत्राची कल्पना अमर बोस यांना १९७८ मध्ये विमानप्रवासात सुचली. बाहेरचा आवाज मायक्रोफोनने टिपायचा आणि त्याच्या उलट्या लहरी सोडून तो खोडायचा, अशी ही योजना. पंखा, बसचे इंजिन, रेल्वेची घरघर अशा सलग, खालच्या आवाजांवर ती उत्तम चालते. मागाच्या धोट्याची खटखट तुटक आणि तीक्ष्ण असल्याने बरीचशी आत पोचतेच. फायदा एवढाच, की तालाला पक्क्या माणसाला ती दुगुनीत धरता येते.

खरेदीची जागा हा स्वतंत्र विषय. नवी पेठेतला दुकानदार ‘‘मालक, हा घ्या, बास जबरदस्त आहे’’ म्हणत खोके पुढे करतो. कानसेन विचारतो, ‘‘दोन तास लावून बसू का?’’ यानंतर संभाषण संपते. महागडे नमुने लावून पाहायला पुणे-मुंबई गाठावी लागते. म्हणून कानसेन हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जातो. सुमारे चार तासांच्या त्या प्रवासात तो घरचा जुना हेडफोन घालून बसतो आणि नेमके कुठे दुखते ते वहीत टिपतो. दुकानात तो आधी वीस मिनिटे काहीच न वाजवता हेडफोन नुसता घालून बसतो. चष्मा घालून, मग काढून, मग खाली वाकून, मग जांभई देऊन. जांभई आवश्यक असते. जबडा हलला की गादीची खरी पकड कळते. विक्रेत्याला ही जांभई वैयक्तिक वाटते.

घरातले त्याचे स्थान हेडफोनच्या पाठीवर अवलंबून असते. उघडी पाठ असेल तर आवाज बाहेर झिरपतो आणि शेजारी झोपलेल्या पत्नीला रात्री अकरा वाजता मुंगीच्या आवाजातला मालकंस ऐकावा लागतो. बंद पाठ असेल तर वेगळाच प्रसंग ओढवतो. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येते, आणि येईल ती वेळ चुकवून चालत नाही. ‘‘अहो, पाणी आलं!’’ ही हाक तिसऱ्यांदाही न ऐकणाऱ्या माणसाच्या कानांवर किती हजार खर्च झाले, याची उजळणी मग पुढचे पाणी येईपर्यंत चालते. यामुळे विवाहित कानसेनांत उघड्या पाठीचे प्रमाण अधिक आढळते.

आराम वाढला की ऐकण्याचा वेळ वाढतो, आणि तिथे धोका सुरू होतो. दुखणारा हेडफोन माणसाला स्वतःच थांबवतो. सुखद हेडफोन थांबवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढाने सरासरी ८० डेसिबलला आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकावे. आवाज तीन डेसिबलने वाढला की ही मुदत निम्मी होते. कानसेन हा नियम पाठ म्हणतो, आणि तराणा आला की आवाज वाढवतो. पन्नाशीनंतर वरच्या पट्टीतले सूर वयानेच कमी ऐकू येऊ लागतात. त्याचे खापर तो केबलवर फोडतो.

कालांतराने तो सल्लागार होतो. भाचे, सहकारी, शाखेचे नवे मॅनेजर त्याला फोन करून विचारतात, कोणत्या हेडफोनचा आवाज सगळ्यात चांगला. तो आवाजाबद्दल अवाक्षर काढत नाही. चष्म्याच्या काड्या जाड की बारीक, टोपी कितव्या नंबरची, खोलीत एसी आहे का, गादी सुटी विकत मिळते का, असे चार प्रश्न तो उलट विचारतो. विचारणारा गोंधळतो, ‘‘पाहतो काका’’ म्हणून फोन ठेवतो, सर्वांत भारी बास असलेला हेडफोन मागवतो, आणि तो हातात आल्यानंतर साधारण पाऊण तासाने पुन्हा फोन करतो.