बिल कोण देतंय?

पैसे मोजून स्वतःचंच काहीतरी कमी करून घेण्याचे धंदे दोनच: एक न्हाव्याचा, दुसरा इंजिनाचं हेड पोर्टिंग करणाऱ्या, म्हणजे त्यातल्या हवेच्या वाटा कोरून देणाऱ्या मिस्त्रीचा. न्हाव्याने जास्त कापलं तर महिन्याभरात परत उगवतं. हेडचं ॲल्युमिनियम उगवत नाही.

भाच्याने जुन्या बुलेटचं हेड कोल्हापुरात, उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींकडे दिलं. मोबाइलवर फोटो दाखवला: इनटेक पोर्ट आरशासारखा लखलखीत. ‘असंच पाहिजे!’

मिस्त्रींनी फोटो लांब धरून पाहिला. ‘भावा, यात बघून दाढी करनार हाईस व्हय?’

मग तासिका सुरू झाली. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला 14.7 ग्रॅम हवा लागते, म्हणजे इंजिनाची खरी भूक हवेची. पण म्हणून पोर्ट वाटेल तेवढा रुंद केला, तर हवेचा वेग मरतो आणि गाडी सिग्नलवरून उठताना कण्हते. कार्ब्युरेटरच्या गाडीत इनटेक फार गुळगुळीत केला, तर पेट्रोलचे थेंब भिंतीला चिकटून ओघळतात. जरा खरखरीतच बरा. मॅनिफोल्डचं तोंड हेडच्या तोंडाला जुळलं नाही, तर हवा त्या पायरीवर अडखळते. खरी कमाई व्हॉल्व्हच्या सीटखाली, हवा वळते त्या आतल्या वळणावर. सीटला तीन कोन: 30, 45 आणि 60 अंश, व्हॉल्व्ह टेकतो 45 वर. काही हेडांत तर पोर्टचा तळ इपॉक्सी भरून वर उचलतात. म्हणजे कोरायचे पैसे घेऊन बुजवायचं!

हे वेड आपल्याकडचंच नव्हे. इंग्लंडमधल्या हॅरी वेस्लेकने हवेचा प्रवाह मोजमापून हेडं सुधारण्यात हयात घातली. 1948 साली आलेल्या जॅग्वारच्या एक्सके इंजिनाच्या हेडमागे त्याचंच डोकं होतं.

हेड तयार झालं. इनटेक मळकट, खरखरीत. भाच्याचा चेहराही तसाच. मिस्त्रींनी हेड फिरवून एक्झॉस्ट दाखवला: लख्ख! तिथे चमक चालते, काजळी कमी धरते. भाच्याने चहूबाजूंनी फोटो काढले आणि मित्रमंडळींना धाडले. सीटखालच्या वळणाकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

बिलात कोरण्याची मजुरी कमी, पॉलिशची जास्त. मी विचारलं, ‘हे उलटं कसं?’

‘सायेब, कोरलेलं इंजिनाला कळतंय. पर बिल इंजिन देतंय व्हय?’