फ्लोरेन्सच्या कॅमेरासाहेबांस खुले पत्र

मा. कॅमेरासाहेब,
झेडटीएलची वेस, मुक्काम फ्लोरेन्स, इटली

स. न. वि. वि.

आपल्या तपश्चर्येची कीर्ती आता पुण्या-ठाण्यापर्यंत पोचली आहे. ऊनपावसात खांबावर बसून झेडटीएलमध्ये, म्हणजे बिनपरवाना गाड्यांना बंदी असलेल्या जुन्या शहरात, शिरणाऱ्या प्रत्येक गाडीचा नंबर टिपायचा आणि चेहऱ्यावर काही म्हणून दिसू द्यायचं नाही, हे कुणालाही जमणारं नव्हे.

आमच्याकडचे ट्रॅफिकमामा बघा. झाडामागून निघतात, शिट्टी मारतात, गाडी बाजूला घ्यायला लावतात, लायसन मागतात. आपलं काहीतरी चुकलं हे माणसाला तिथल्या तिथे कळतं तरी. आपल्याकडे असला आरडाओरडा नाही. पाहुणा भाड्याची गाडी घेऊन निवांत आत शिरतो, दुओमो कॅथेड्रलचा घुमट पाहतो, जिलातो खातो, घरी येऊन फोटो दाखवत नातेवाइकांना बेजार करतो. मग हे सगळं विसरायला झाल्यावर लिफाफा येतो. परदेशात राहणाऱ्याला नोटीस धाडायला आपल्या कायद्याने ३६० दिवस दिले आहेत, आणि आपल्याला कसलीच घाई नसते.

मूळ दंडच ८० युरोंच्या पुढे, वर टपालाचा आणि कागदपत्रांचा खर्च. नोटीस हातात पडल्यापासून पाच दिवसांत भरल्यास दंडावर ३० टक्के सूट! एवढी माया आमच्या दिवाळी सेलमध्येही नसते. नोटिशीच्या आधी गाडी भाड्याने देणारी कंपनी क्रेडिट कार्डावरून वेगळे पैसे कापून घेते, ते ड्रायव्हरचं नाव-पत्ता आपल्याला कळवल्याबद्दल. चहाडी करायची आणि तिचा मोबदला ज्याची चहाडी केली त्याच्याकडूनच घ्यायचा! भोळी माणसं समजतात, दंड फिटला. खरा दंड अजून वाटेत असतो.

पाटी लावलेली नसते असं मात्र कुणी म्हणू नये. असते की. पांढऱ्यावर लाल वर्तुळ, खाली ‘झोना ट्राफिको लिमितातो’ आणि बारीक अक्षरांत इटालियन वेळापत्रक. मागून स्कूटर हॉर्न मारतेय, नकाशातली बाई डावीकडे वळायला सांगतेय, शेजारची बाई उजवीकडे; अशा वेळी ते सावकाश वाचावं अशी आपली अपेक्षा. शेजारच्या दिव्यांच्या पाटीवर लाल अक्षरं पेटलेली असली की आपण जागे आहात, हिरवी असली की झोपलेले, एवढं जरी पाहुण्याला कुणी विमानात सांगितलं असतं! जागण्याची वेळ साधारण सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेसात ते रात्री आठ आणि शनिवारी दुपारी चारपर्यंत. उन्हाळ्यात गुरुवार ते शनिवार रात्री अकरा ते तीन अशी जादा पाळीही. वेशीच्या आत हॉटेल घेतलेल्याला सामान उतरवण्यापुरती सवलत आहे, पण हॉटेलवाल्याने गाडीचा नंबर आपल्या दरबारी कळवला तरच. बुकिंग करतानाच त्याच्या मागे लागलेलं बरं.

आपण नसतात तर सिन्योरिया चौकात एव्हाना पार्किंग झालं असतं, हे मान्य. त्या बोळांत दोन हातगाड्या समोरासमोर आल्या तरी पंचाईत. शहराच्या राज्यकर्त्या मेडिची घराण्याला गर्दीत उतरायला नको होतं, तर त्यांनी १५६५ साली वास्तुकार वसारीकडून राजवाड्यापासून पोन्ते वेक्कियो पुलावरून नदीपलीकडे जाणारा डोक्यावरचा रस्ताच बांधून घेतला. त्यांचा नंबर टिपायची आपली छाती झाली असती का, हे कळायला मार्ग नाही.

आता आपल्या पोटावर पाय देणारी बातमी. ए-१ महामार्गावरूनच थेट आत जाता येणारा व्हिला कोस्तान्झा नावाचा वाहनतळ आहे. गाडी तिथे सोडायची आणि टी-१ ट्रामने सान्ता मारिया नोव्हेल्ला स्टेशनला उतरायचं. विमानतळावरून येणाऱ्याला २०१९ पासून टी-२ ट्राम आहे. स्टेशनपासून दुओमो चालत दहा मिनिटं. रोमहून वेगवान रेल्वेने दीड तासात येता येतं, म्हणजे गाडी लागलीच तर कियान्तीच्या द्राक्षमळ्यांसाठी, शहर पाहून झाल्यावर घ्यावी. एवढं ऐकलं तर आमची माणसं आपल्या अल्बममधून कायमची गायब होतील. लोकल रेल्वेचं कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात छापून न घेतल्याबद्दल दंड करणारे आपले भाऊबंद आहेतच. त्यांच्याशी स्वतंत्र पत्रव्यवहार करीन.

उत्तर पाठवायचं झाल्यास माझा पत्ता मुद्दाम देत नाही. तो मिळवण्याची आपली सोय उत्तम आहे.

आपला,
एक पादचारी