नवरा एका कोपऱ्यात, बायको दुसऱ्या

काकू कुंपणावरून शेवग्याच्या शेंगा द्यायला आल्या आणि माझ्या फाटकात खोचलेली उमेदवारांची पत्रकं बघून तिथेच थबकल्या.

"कुणाला देणार गं मत?"

"काकू, ते मी घरात यांनासुद्धा सांगत नाही."

झालं. शेंगा भिंतीवर ठेवल्या, पदर खोचला. आता अर्धा तास तरी हलायच्या नाहीत हे मी ओळखलं आणि गॅस बंद करून आले.

"लेकीकडे आयोवात असतीस ना, तर चारचौघांत उभं राहून दाखवावं लागलं असतं!"

काकूंची लेक अमेरिकेत, आयोवा राज्यातल्या डी मॉइनजवळ राहते. काकूंच्या मते तिथे मका आणि डुकरं सोडली तर बघण्यासारखं काही नाही. माणसं 32 लाखांच्या आसपास, डुकरं 2 कोटींच्या वर. पण दर चार वर्षांनी अख्ख्या अमेरिकेचे पुढारी तिथल्याच गावांच्या पायऱ्या झिजवायचे. ऑगस्टच्या जत्रेत लोण्याची अख्खी गाय करून ठेवतात, तिच्यासमोर फोटो काढायचे, काडीला टोचलेलं डुकराचं मटण उभ्याउभ्या खायचे आणि मक्यापासून इथेनॉल झालंच पाहिजे म्हणून शपथा घ्यायचे.

"आपल्याकडे ऊसवाल्यांपुढे वाकतात ना, तस्सं."

कारण एकच, पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवताना पहिला कौल आयोवाचा असायचा. 1972 पासूनची ही रीत. 1976 मध्ये जिमी कार्टर नावाचे शेंगदाण्याचे शेतकरी लोकांच्या घरी मुक्काम करत हिंडले, तेव्हा त्यांना कोण ओळखत होतं? आयोवात मात्र सगळ्या उमेदवारांत त्यांना सर्वांत जास्त पसंती मिळाली आणि नोव्हेंबरात ते निवडून आले. ('अजून ठरलं नाही' म्हणणारे त्यांच्याहूनही जास्त होते, पण ते कोण लक्षात ठेवतो!)

काकू तिकडे होत्या 2020 च्या हिवाळ्यात. 3 फेब्रुवारीची संध्याकाळ. लेक-जावई दोघेही तिथले नागरिक, दोघेही डेमोक्रॅट पक्षाचे. काकू बघे म्हणून बरोबर गेल्या. शाळेचा जिम, बास्केटबॉलच्या कड्याखाली खुर्च्या.

"मतपेटी नाही, बोटाला शाई नाही. ज्याचा जो उमेदवार, त्या घोळक्यात जाऊन उभं राहायचं. त्याला कॉकस म्हणतात. गाडीत दोघं गप्प होती, मला वाटलं थंडीमुळे. आत गेल्यावर बघते तर जावईबापू बुटिजेजच्या कोपऱ्यात, आमची ही क्लोबुशारच्या!"

"दोघांनी ठरवलं नव्हतं?"

"अगं, एकमेकांना विचारलंच नव्हतं!"

मोजणी झाली. माणसं 170. ज्या घोळक्यात 15 टक्के नाहीत, म्हणजे इथे 26 डोकी नाहीत, तो बाद. बाद झालेल्यांनी दुसरीकडे जायचं, नाहीतर घरी. क्लोबुशारकडे 14. बायडनकडे 22, म्हणजे चार कमी. आणि मग, काकू म्हणतात, लग्नाच्या हॉलमध्ये जेवणाच्या पंगतीला माणसं धरून आणतात तशी ओढाओढ सुरू झाली. जावईबापू बायकोला समजवायला आले. तेवढ्यात शेजारच्या आजीबाई काठी टेकत आल्या. हिवाळ्यात लेकीच्या दारातला बर्फ त्यांचा म्हातारा आपल्या यंत्रानं काढतो, आणि नाताळात आजीबाई केळ्याचा ब्रेड आणून देतात. त्या बायडनच्या.

"लेक नवऱ्याकडे बघून हसली आणि आजीबाईंबरोबर गेली."

"मग जावई?"

"परतताना गाडीत पुन्हा गप्प. यावेळी थंडीमुळे नव्हे."

काकूंना यात काही वावगं वाटत नाही. मला वाटतं. म्हातारीनं हात धरला म्हणून मत फिरावं हे मला पटेना, आणि मी तसं म्हटलंही. काकू म्हणाल्या, "तुझ्या गुप्त मतदानात भाऊबंदकी, जात, देऊळ काही नसतं वाटतं?" मी शेंगा उचलून बघू लागले.

तिथेही देऊळ आहेच म्हणा, त्याला चर्च म्हणायचं इतकंच. रिपब्लिकन पक्षाची कॉकस चिठ्ठीवर होते, पण तिथे इव्हँजेलिकल ख्रिस्ती मंडळींचा शब्द चालतो. 2008 ला हकाबी, हे तर स्वतः बाप्टिस्ट पाद्री, 2012 ला सँटोरम, 2016 ला क्रूझ. तिघेही आयोवात जिंकले, तिघांपैकी एकालाही पक्षाची उमेदवारी मिळाली नाही.

"आणि तुमच्या आजीबाईंचे बायडन?"

"राज्यात चौथे! तेही कळलं उशिरा. निकाल कळवायचं नवीन ॲपच फसलं. चंद्रावर माणूस उतरवलेला देश, आणि शाळेतल्या जिममधली डोकी मोजून सांगता येईनात."

बायडनना तारलं ते दुसऱ्याच गटानं. दक्षिण कॅरोलिनात डेमोक्रॅट मतदारांत निम्म्याहून जास्त कृष्णवर्णीय. तिथले खासदार जिम क्लायबर्न यांनी मतदानाच्या तीन दिवस आधी बायडनच्या पाठीवर हात ठेवला, आणि 29 फेब्रुवारीला पारडं फिरलं. आयोवा बहुतांश गोरा. तिथल्या मक्याच्या शेतकऱ्यानं आधी निवडायचं आणि कृष्णवर्णीयांनी नंतर मान डोलवायची, हे किती दिवस चालणार होतं?

गट मोठा असला म्हणून त्याचाच माणूस येतो असंही नाही. आपल्या बेळगावकडचे श्री ठाणेदार 2022 मध्ये डेट्रॉइटमधून काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, गेले. शहर बहुसंख्य कृष्णवर्णीय, पक्षाच्या प्राथमिक फेरीत कृष्णवर्णीय उमेदवार बरेच, मतं वाटली गेली आणि ठाणेदारांना साधारण 28 टक्के पुरले. 1955 पासून पहिल्यांदाच त्या शहराला काँग्रेसमध्ये कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही. काकूंना मराठी माणसाचा अभिमान वाटतो. मला डेट्रॉइटच्या शेजारणी कुंपणावर काय बोलल्या असतील ते ऐकायची उत्सुकता आहे.

"मग पुढच्या वेळी लेक कुठल्या कोपऱ्यात?" मी विचारलं.

काकूंनी शेंगा माझ्या हातात कोंबल्या. "कोपराच नाही राहिला."

2024 ला डेमोक्रॅट पक्षानं पहिला मान दक्षिण कॅरोलिनाला दिला. आयोवातल्या डेमोक्रॅटांनी आपली पसंती घरी बसून लिहिली आणि पोस्टानं पाठवली. निकाल मार्चमध्ये लागला.