पाहणीत गळती आढळली नाही

शाळेतील बुरशी जूनमध्ये नव्या पाठ्यपुस्तकांबरोबर वर्गात येते आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मुक्काम करते. कोकणात वर्षाला सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातला आपला वाटा शाळा कौलांतून, स्लॅबच्या भेगांतून आणि जांभ्याच्या भिंतींतून आत घेते. ओल टिकली की दोनेक दिवसांत बुरशी रुजू शकते. तिचे खाद्य वर्गात तयारच असते : तक्ते, वह्या, लाकडी बाक, तक्त्यामागची खळ. शैक्षणिक साहित्याचा इतका कसून वापर दुसरे कोणी करत नाही.

ॲस्परजिलस, पेनिसिलियम, क्लॅडोस्पोरियम या बुरशींचे बीजाणू हवेतून श्वासात जातात. त्यांची ॲलर्जी असलेल्याला शिंका येतात, नाक वाहते, डोळे चुरचुरतात, खोकला लागतो. दमेकरी मुलाला धाप लागते. वजनाच्या मानाने मूल मोठ्या माणसापेक्षा जास्त हवा आत घेते, म्हणून बीजाणूही जास्त. घरी मात्र निदान ठरलेले : पावसात भिजला असेल. मूल कोरडे होते, भिजली ती भिंत, हे रजेच्या अर्जात लिहिण्याची पद्धत नाही.

झड आत येते म्हणून खिडक्या लावल्या जातात. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत सुमारे 420 भाग असतो, उच्छ्वासात सुमारे 40,000. भरलेल्या बंद वर्गात तो लवकरच हजारापार जातो. डोके जड होते, जांभया येतात. प्रगतिपुस्तकात याची नोंद ‘अभ्यासात लक्ष नाही’ अशी होते. श्वासातली वाफ पुन्हा भिंतीच्याच कामी येते.

ओल आणि बुरशीचा दमा व श्वसनविकारांशी संबंध असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये नोंदवले, पण बुरशीची सुरक्षित मर्यादा आकड्यात सांगितली नाही. मर्यादाच नसल्याने कोणतीही बुरशी मर्यादेत बसते. त्याच वर्षीच्या शिक्षण हक्क कायद्याने सर्व ऋतूंत टिकणारी इमारत मागितली. सहा ऋतूंपैकी पाहणीसाठी ग्रीष्म निवडण्यात आला.

आधी गळती थांबवावी, भिंत सुकवावी, बुरशी खरवडून काढावी आणि मग रंग द्यावा, असा दुरुस्तीचा क्रम आहे. निधी 31 मार्चपूर्वी खर्ची पडायचा असल्याने हा क्रम रंगापासून सुरू होतो. गळतीचा प्रस्ताव मे महिन्यात तपासला जातो, आणि तेव्हा छत पूर्ण कोरडे असल्याने तो शेऱ्यासह परत येतो.