बंचवाले

इचलकरंजीहून सुटणाऱ्या सकाळच्या एसटीत दाराजवळच्या सीटवर एक गृहस्थ हमखास असतात. पॅण्ट करडी, शर्ट बारीक चौकड्यांचा, खिशात दोन पेनं आणि घडीचं छोटं भिंग. मांडीवर एक बॅग, पायाशी दुसरी आणि शेजारच्या सीटवर ‘कुणी आलं की उचलतो’ म्हणून ठेवलेली तिसरी. कंडक्टर लगेजचं तिकीट काढू लागला की ते दुखावल्या स्वरात म्हणतात, “लगेज कुठलं? सॅम्पल आहे!” कंडक्टर बॅग उचलून बघतो, कण्हतो आणि तिकीट फाडतो.

या गृहस्थांना आडनाव असतं, पण ते पावतीबुकावरच राहतं. भिवंडी असो, मालेगाव असो की मुंबईचं मूळजी जेठा मार्केट, बाजारात ते फक्त ‘बंचवाले’. बंच म्हणजे कापडाच्या नमुन्यांची, मूठ लावलेल्या पुठ्ठ्यांत बांधलेली जाड वही. ताके पाठीवर घेऊन गावोगाव हिंडता येत नाही, म्हणून प्रत्येक रंगाचा वीतभर तुकडा कापून वहीत लावायचा. दुकानदारानं तुकड्यावर बोट ठेवायचं, यांनी नंबर लिहून घ्यायचा, माल मागाहून ट्रान्सपोर्टनं. इतका सरळ धंदा. साधे एजंट मालकानं दिलेला बंच मुकाट्यानं घेऊन फिरतात. खरे बंचवाले तो स्वतः बनवतात, आणि तिथून पुढं कापड विकणं हे बंच दाखवायला मिळावा म्हणून शोधलेलं निमित्त ठरतं.

बंच बनवायला घेतला की सुरुवात हिशेबानं होते. पन्हा ५८ इंच. मालक म्हणतो, तुकडा ९ इंच रुंद ठेवा, ऐटदार दिसतो. बंचवाले लगेच पेन काढतात. ९ इंचांनी आडवे ६ तुकडे बसतात आणि ४ इंच चिंधी. ८ इंचांनी ७ बसतात आणि उरतात फक्त २ इंच, त्यातही काठ जातो. “म्हणजे शेठ, तुमच्या ऐटीची किंमत दर ओळीला एक तुकडा!” ८ बाय १० चे ४८ रंग लावले की एका वहीत साधारण एका फुल शर्टाचं कापड जातं. शंभर वह्या काढायच्या तर शंभर माणसांचे शर्ट कात्रीखाली गेले. हे ऐकून मालकाचा चेहरा पडतो. बंचवाल्यांचा फुलतो, कारण शर्ट काय, कुणीही घालतं.

मग वजन. शर्टिंगचं कापड हलकं असतं. १२० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला १२० ग्रॅम, धरलं तर एका वहीतलं सगळं कापड मिळून ३०० ग्रॅम भरतं. दीड किलोची वही होते ती पुठ्ठा, रेक्झिन, लोखंडी स्क्रू आणि सोनेरी अक्षरांमुळं. “आपण कापड विकत नाही, पुठ्ठा वाहतो,” असं ते खांदा चोळत सांगतात. या पुठ्ठ्याविरुद्ध त्यांची जन्माची लढाई. पातळ घेतला तर दमट हवेत पापडासारखा वाकतो, जाड घेतला तर कंडक्टर तिकीट फाडतो. प्लॅस्टिकची पाटी लावून पाहिली. ती उन्हाळ्यात गाडीत राहिली आणि तिनं कायमची कंबर मोडून घेतली. वही मधोमध कापून दोन हलक्या वह्या केल्या, तर दुकानदारानं पहिली पाहिली आणि दुसरी उघडलीच नाही. नेमके चांगले रंग दुसरीत होते. स्क्रूच्या बांधणीवर मात्र ते ठाम आहेत. संपलेला रंग काढून नवा घालता येतो. शिवलेली वही त्यांच्या मते आळशी माणसाचं काम.

तुकडा वहीत लावायचा कसा, यावर ते अर्धा तास बोलू शकतात आणि बोलतातही. कडा दातेरी कात्रीनं कापलेल्या हव्यात, नाहीतर आठ दिवसांत दोरे सुटून तुकड्याला दाढी येते. सगळा तुकडा चिकटवायचा नाही. फक्त वरची कड. बाकीचं कापड मोकळं लोंबायला हवं, कारण घेणारा ते अंगठा आणि बोट यांच्यात चोळून बघतो, उलटं करून पाठ बघतो. पुठ्ठ्याला सपाट चिकटवलेल्या मलमलीचा हात पुठ्ठ्याचाच लागतो. गोंद जास्त झाला की व्हॉइलमधून डाग वर येतो. स्टेपलर मारला तर कोकणात एक पावसाळा पुरतो: पांढऱ्या पॉपलिनवर गंजाचे दोन ठिपके उमटतात. एका दुकानदारानं त्या ठिपक्यांना डिझाइन समजून ऑर्डर दिली होती, असं ते सांगतात. खरं असावं असं वाटत नाही, पण सांगताना ते स्वतः हसत नाहीत.

त्यांच्या आयुष्यातला काळा दिवस मात्र चौकड्यांचा. मोठ्या चौकड्यांचं एक शर्टिंग होतं. निळं, पांढरं, पुन्हा निळं. एका तालुक्याच्या दुकानदाराला ते इतकं आवडलं की त्यानं चार ताके मागवले. ताका उलगडला तर दर ११ इंचांवर हळदीच्या रंगाची ठसठशीत उभी पट्टी! डिझाइनचा रिपीट ११ इंचांचा आणि बंचमधला तुकडा ८ इंचांचा. कात्री नेमकी दोन पट्ट्यांच्या मधून चालली होती. दुकानदार फोनवर ओरडला, “फसवलंत!” बंचवाले शांतपणे म्हणाले, “शेठ, सॅम्पल खोटं बोललं नाही. कमी बोललं.” ताके परत आले, भाडं यांच्या अंगावर पडलं. त्यानंतर मोठ्या डिझाइनचा तुकडा ते दुप्पट रुंदीचा घेतात आणि दुमडून लावतात, उलगडला की पूर्ण रिपीट दिसावा. या धक्क्यातून ते सावरलेच नाहीत. मुलीसाठी स्थळ आलं, सोबत मुलाचा पासपोर्ट फोटो होता. यांनी भिंग लावून तो पाहिला आणि बायकोला म्हणाले, “रिपीट दिसत नाही. पूर्ण फोटो मागव.”

पानांचा क्रम हे त्यांचं खरं शास्त्र. अडाणी माणूस सर्वांत देखणा रंग पहिल्या पानावर लावतो. मग पुढची सगळी पानं त्याच्यापुढं फिकी पडतात आणि दुकानदार वही मिटून चहा मागवतो. बंचवाले सुरुवातीला दोन-तीन सभ्य, निरुपद्रवी रंग ठेवतात. मग एक भयानक मोरपंखी. त्याच्या लगेच मागं, जो खपवायचा आहे तो. मोरपंखीनं घाबरलेला माणूस पुढच्या साध्या आकाशीला मिठी मारतो. मोरपंखीचा ताका विणलेलाच नसतो. तो तुकडा कुठल्या तरी जुन्या वहीतला असतो. कुणी मोरपंखीच मागितला तर? “तो बंद झाला,” हे उत्तर तयार असतं.

‘बंद झाला’ या दोन शब्दांचा अनुभव कापड घेणाऱ्या प्रत्येकाला आहे. माग पुढं निघून जातो, सूत संपतं, रंग बदलतो. बंच मात्र दुकानाच्या खुंटीवर तीन-तीन वर्षं लटकतो. गिऱ्हाईक अठ्ठेचाळीस तुकड्यांतून मन लावून एक निवडतं आणि तेवढाच मिळत नाही. दर्शनी भागात टांगलेल्या बंचची तर वेगळी गंमत. उन्हानं वरच्या तुकड्याचा गडद निळा उडून फिका होतो, गिऱ्हाईक त्या फिक्याच्या प्रेमात पडतं आणि ताका गडद येतो. शिवाय ट्यूबलाइटखाली जो काळा वाटतो तो उन्हात निळा निघतो. म्हणून जुना दुकानदार बंच उचलून थेट रस्त्यावर येतो आणि रिक्षावाल्यांच्या शिव्या खात उन्हात धरून बघतो. बंचवाले त्याच्या मागं अदबीनं उभे असतात. वही त्यांच्या नजरेआड झाली की त्यांचा जीव वरखाली होतो.

याचं कारण नक्कल. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग बसवला, हे गावात सगळ्यांना माहीत असतं. दुसरा माग पहिल्याच्या डिझाइनवर डोळा ठेवून बसला असणार, हे बंचवाल्यांचं संशोधन. आणि त्या पहिल्या कापडाचं सॅम्पल घेऊन कोण फिरलं याची नोंद कुणी ठेवली नाही, ही त्यांची तक्रार. तुकडा लहान असला तरी भिंगाखाली इंचाला ताणे किती, बाणे किती हे मोजता येतं. दोन दोरे ओढून सुताचा काउंट काढता येतो. बंच दुकानात चार रात्री राहिला की डिझाइन पाचव्या दिवशी शेजारच्या शेडमध्ये मागावर चढलेलं असतं. म्हणून नव्या डिझाइनचा बंच ते मुक्कामाला ठेवत नाहीत. “आज बघा, आज सांगा. उद्या मी सांगलीत.” स्वतःच्या खिशात ते भिंग कशाला बाळगतात, हा प्रश्न त्यांना विचारायचा नसतो.

या विषयात त्यांचा एक आदर्श पुरुष आहे, आणि तोच त्यांचा शत्रूही आहे. लंडनच्या इंडिया म्युझियममधल्या जॉन फोर्ब्स वॉटसन यांनी १८६६ साली हिंदुस्थानातल्या कापडाचे नमुने १८ खंडांत बांधले. ७०० नमुने आणि अशा खंडांचे २० संच. १३ विलायतेत ठेवले, ७ इकडे पाठवले. फेटे, लुंग्या, धोतरं, साड्या, सगळ्यांचे तुकडे, आणि प्रत्येक नमुन्यासोबत लांबी, रुंदी, वजन, कुठल्या गावचं ते छापलेलं. हिंदुस्थानी माणूस काय नेसतो हे मँचेस्टरच्या गिरणीवाल्याला घरबसल्या कळावं आणि त्यानं तसलंच कापड विणून इकडे विकावं, हा मुख्य हेतू. कॉलेजात शिकणाऱ्या भाच्यानं ही हकिगत सांगितली तेव्हा बंचवाल्यांनी आधी गुणाकार केला. “चौदा हजार तुकडे! गोंद कुठला वापरला?” भाच्याला ते ठाऊक नव्हतं. मग त्यांनी विचारलं, “अठरा खंड एकदम नेले कसे?” तेही त्याला सांगता येईना. असल्या शिक्षणाचा उपयोग काय, असा चेहरा करून ते थोडा वेळ गप्प बसले. हेतूचा भाग त्यांच्या डोक्यात सावकाश उतरला, आणि मग मात्र ते भडकले. “मोठा साहेब म्हणे! आमच्या विणकरांचा बंच मुक्कामाला ठेवून घेतला त्यानं!” साम्राज्यशाहीवर याहून नेमकी टीका मी तरी वाचलेली नाही. तरीही लांबी-रुंदी-वजन-गाव ही वॉटसनची पद्धत त्यांना मनापासून पटली. त्यांच्या लेबलवर आता क्वालिटी, शेड नंबर, पन्हा, जीएसएम, सुताचा काउंट इतकं सगळं असतं; फक्त गावाचं नाव नसतं. साहेबाकडून तेवढा धडा ते शिकले.

क्वालिटीची नावं हा त्यांचा काव्यविभाग. एकच पॉपलिन तीन वह्यांत तीन नावांनी आणि तीन भावांनी असतं: तालुक्याला ‘गुलमोहर’, जिल्ह्याला ‘महाराजा’ आणि पुण्याला काहीतरी इटालियन. पुण्याच्या वहीला मखमली आतलं पान असतं, एवढाच फरक. पुण्याचा दुकानदार कापड चोळून म्हणतो, “हं, ह्याचा हात वेगळा आहे.” बंचवाले मान डोलावतात. मखमलीचे पैसे वसूल झालेले असतात.

घरी मात्र या कलेची कदर नाही. माळ्यावर जुन्या बंचांची चळत, आणि बायकोनं त्यांतले तुकडे काढून गोधड्या शिवलेल्या. “अहो, झोपा आता,” असं ती म्हणते तेव्हा ते गोधडीवर बोट ठेवून सांगत असतात, “ही ४१७. काय चालली होती! हा २०९, डाइंगवाल्यानं घात केला.” काही तुकड्यांच्या मागचं लेबल निघालेलं नाही. नातू सकाळी उठतो तेव्हा गालावर जीएसएम चिकटलेलं असतं.

अलीकडे मालकाचा मुलगा म्हणतो, बंच कशाला, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाका. बंचवाल्यांनी टाकून पाहिले. प्रत्येक फोटोत त्यांचा अंगठा आहे, तुकडा केवढा ते कळावं म्हणून मुद्दाम ठेवलेला. एकाच फोटोतला मोतिया एका दुकानदाराला पांढरा दिसला, दुसऱ्याला पिवळा, तिसऱ्यानं अंगठ्याची नखं कापायला सांगितली. मुलगा म्हणतो, लोकांना सवय होईल. होईलही. पण तूर्त तालुक्याचा दुकानदार फोटो बघतो, रंग ठीक आहे म्हणतो आणि विचारतो, “बंच कधी आणताय?” कापड पसंत करणाऱ्याच्या बोटांना काम लागतं, आणि काचेवर बोट चोळून फक्त पुढचा फोटो येतो. तेव्हा या वादात माझं मत बंचवाल्यांच्या बाजूनं आहे. त्यांची नखं हा वेगळा विषय.

वाचकांना त्यांच्या वतीनं एकच विनंती. शिंप्याकडे किंवा दुकानात बंच चाळत असाल आणि ब्लाउजच्या मॅचिंगसाठी एखादा तुकडा हळूच ओढून पर्समध्ये टाकावासा वाटला, तर टाकू नका. त्या तुकड्यावाचून पुढची ऑर्डर अडते आणि वही परत स्क्रूपासून उघडावी लागते. तुकडा हवाच असेल तर बंचवाल्यांकडे मागा. तिसऱ्या बॅगेत बंद झालेल्या रंगांचा एक अख्खा गठ्ठा असतो, आणि त्यातला हवा तो तुकडा ते फुकट देतात.